नाशिकच्या घरात स्लिपर ऑर्किड कसे वाढवावे आणि फुलवावे

द्राक्षबागेत काम केलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीवर दिसणारा घड ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यात तो उन्हाळ्यातच सूक्ष्म रूपाने धरलेला असतो. स्लिपर ऑर्किडमध्ये कळी धरण्याची क्रिया द्राक्षासारखी तंतोतंत नाही, परंतु हिशेब तोच आहे. या रोपाचे फूल हिवाळ्यात दिसते म्हणून बहुतेक जण हिवाळ्यातच त्याच्यासाठी खटपट करतात, आणि प्रत्यक्षात ते फूल मार्च ते मे या तीन महिन्यांत रोप किती सुखरूप राहिले आणि पावसाळ्यात त्याने किती जाड, भरदार फुटवा धरला यावर ठरून गेलेले असते. नाशिकची थंडी या ऑर्किडला उपकारकच आहे. अडचण आहे ती कोरड्या उन्हाळ्याची आणि पाण्याची. म्हणून पुढील विवेचनात या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

स्लिपर ऑर्किड म्हणजे ज्या फुलाची खालची पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी पोकळ पिशवी झालेली असते, असा ऑर्किडचा गट. घरी वाढवण्यासाठी मिळतात ती बहुतांशी ‘पॅफिओपेडिलम’ या प्रजातीतील रोपे असतात आणि ती वाढवणारी मंडळी त्यांना थोडक्यात ‘पॅफ’ म्हणतात. ही पिशवी पाहून अनेकांना हे झाड कीटक खाणाऱ्या घटपर्णीच्या जातीचे वाटते. तसे ते नाही. पिशवीत उतरलेल्या कीटकाला गुळगुळीत कडेवरून पुन्हा वर येता येत नाही, मागच्या बाजूच्या अरुंद वाटेने बाहेर पडावे लागते, आणि त्या वाटेवर आधी स्त्रीकेसराचे तोंड व नंतर पराग असल्यामुळे त्याच्याकडून परागीभवनाचे काम करून घेतले जाते. कीटक जिवंत सुटतो.

आपल्याकडे ऑर्किड म्हटले की डोळ्यांपुढे येते ती झाडाच्या खोडावर लोंबणारी सीतेची वेणी. पंचवटीच्या गावाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. परंतु सीतेच्या वेणीचे शास्त्र स्लिपर ऑर्किडला लावले तर रोप हातचे जाते. सीतेच्या वेणीची मुळे उघड्यावर झाडाच्या सालीला धरून राहतात आणि पावसानंतर चटकन वाळतात. स्लिपर ऑर्किड मात्र मुख्यतः जंगलाच्या तळाशी, पालापाचोळ्यात, दगडांच्या खाचांत आणि शेवाळात वाढते. डेंड्रोबियमसारख्या ऑर्किडांना पाणी साठवणारे जाड कंद किंवा पेरे असतात, तसे काहीही याला नसते. पाण्याचा साठा फक्त पाने आणि मोजकी, तपकिरी, लव असलेली मुळे यांतच असतो. त्यामुळे याचे माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेले साल-कोळशाचे मिश्रण, कधी चिखल होऊ देऊ नये आणि कधी पूर्ण कोरडेही पडू देऊ नये. ही मधली वाट सांभाळणे हेच या रोपाच्या संगोपनातील खरे कसब आहे.

रोपाची निवड

भारतात या प्रजातीच्या काही जाती मूळच्या आहेत. त्यांतील बहुतेक ईशान्य भारत आणि पूर्व हिमालयात आढळतात. मेघालयातील खासी टेकड्यांची ‘इन्सिग्ने’ ही त्यांतील सुपरिचित जाती. दक्षिणेत ‘ड्रुरी’ ही एकच जाती अगस्त्यमला डोंगरांत सापडते आणि तीही अत्यंत दुर्मीळ आहे. रानातून उपटून आणल्यामुळे या जातींची इतकी हानी झाली आहे की वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ज्या मोजक्या वनस्पतींना संरक्षण मिळाले, त्यांत संपूर्ण पॅफिओपेडिलम प्रजातीचा समावेश आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही ती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणून ‘जंगलातले अस्सल रोप’ असे सांगून कोणी स्वस्तात देऊ केले तर ते घेऊ नये. परवानाधारक रोपवाटिकेत वाढवलेले संकरित रोपच घ्यावे आणि त्याचे बिल जपून ठेवावे. संकरित म्हणजे दुय्यम, असा समजही नको. या प्रजातीचा पहिला मानवनिर्मित संकर इंग्लंडमध्ये १८६९ साली फुलला, आणि तेव्हापासूनच्या निवडीमुळे आजची संकरित रोपे घरगुती हवेत मूळ जातींपेक्षा सहसा अधिक काटक असतात.

निवड करताना फुलापेक्षा पान पाहावे. पानांवर गडद-फिकट हिरव्या रंगाची नक्षी असेल तर ते रोप उबदार हवेचे, आणि पान एकरंगी हिरवे, अरुंद असेल व दांड्यावर एकच मोठे फूल येत असेल तर ते बहुधा थंड रात्री मागणारे, असा ढोबळ नियम आहे. तिसरा गट लांब पट्ट्यासारख्या पानांचा, ज्याच्या एका दांड्यावर अनेक फुले येतात. त्यातील ‘रॉथ्सचाइल्डियानम’ला या प्रजातीचा राजा मानतात, पण बियांपासून वाढवलेल्या रोपाला फूल यायला आठ-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, त्यामुळे सुरुवात तेथून करू नये.

नाशिकमध्ये पहिले रोप नक्षीदार पानांचे, ‘मॉडीए’ प्रकारचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ मॉडीए हा संकर १९०० साली नोंदला गेला. पांढऱ्या-हिरव्या रेघांपासून गडद वाइन रंगापर्यंत त्याचे अनेक प्रकार मिळतात. तो सावली सोसतो, त्याला फुलण्यासाठी कडाक्याची थंडी लागत नाही आणि फूल नसतानाही पानांमुळे शोभून दिसतो. एक वर्ष हे रोप टिकवता आले की मग इन्सिग्नेच्या वंशातील हिरव्या पानांचे रोप आणावे, कारण आपली डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याच्या कामाची आहे. ज्यांना सलग फुले हवीत त्यांनी ‘पिनोकिओ’ पाहावा. त्याच्या एकाच दांड्यावर एकामागून एक अशी महिनोन्‌महिने फुले येत राहतात.

रोप मागवताना किमान दोन-तीन फुटवे असलेले मागवावे. ‘फुटवा’ म्हणजे पंख्यासारखा पानांचा एक जुडगा. एक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो. पुढचे फूल त्याच्या बुडातून आलेल्या नव्या फुटव्याला येते. त्यामुळे एकाच फुटव्याचे, फुलावर असलेले रोप दिसायला देखणे असले तरी पुढच्या फुलासाठी तुम्हाला वर्ष-दीड वर्ष थांबावे लागेल, हे समजूनच ते घ्यावे. सिक्कीम-कालिम्पाँगकडच्या रोपवाटिकांतून कुरिअरने मागवायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. एप्रिल-मे महिन्यांत खोक्यात चार-पाच दिवस प्रवास केलेले रोप पुन्हा उभे राहणे कठीण असते.

जागा आणि उजेड

पूर्वेची खिडकी किंवा पूर्वेचा सज्जा ही सर्वांत चांगली जागा. सकाळी साडेआठ-नऊपर्यंतचे कोवळे ऊन या रोपाला चालते, त्यानंतर फक्त उजेड हवा. उत्तरेची मोकळी खिडकीही चालते. पश्चिमेची खिडकी नाशिकमध्ये वर्ज्य समजावी. माझे पहिले रोप मी ‘फक्त संध्याकाळचे ऊन आहे’ अशा समजुतीने पश्चिमेला ठेवले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची पाने भाजून कागदासारखी पांढरी झाली. गच्चीवर ठेवायचे असेल तर ७५ टक्क्यांचे शेडनेट लागते आणि तेही उन्हाळ्यात दुहेरी करावे लागते.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी बारा वाजता पानांच्या वर एक वीतभर अंतरावर हात धरावा. हाताची सावली पुसट, कडा नसलेली पडली तर उजेड बरोबर आहे. रेखीव, काळी सावली पडली तर जास्त आहे. सावलीच पडली नाही तर कमी आहे. दुसरी खूण पानांची. पान फार गडद, लांबट आणि लोळणारे झाले तर उजेड अपुरा आहे आणि असे रोप वर्षानुवर्षे हिरवेगार राहूनही फुलत नाही. पान पिवळसर व ताठ झाले तर उजेड अधिक आहे. पान हाताला गरम लागले, तर कोणतीही खूण पाहत न बसता रोप ताबडतोब आत घ्यावे.

मार्च ते मे

नाशिकचा उन्हाळा दोन बाजूंनी मारतो. दुपारचे तापमान चाळीस अंशांपर्यंत आणि काही दिवस त्याहूनही वर जाते, आणि त्याच वेळी हवेतली आर्द्रता फार खाली येते. स्लिपर ऑर्किडला ५० ते ६० टक्के आर्द्रता सुखाची असते आणि पस्तीस अंशांच्या वरचे तापमान दीर्घकाळ सोसत नाही. या काळात रोप वाढवायचे नसते, वाचवायचे असते.

सर्वांत साधा उपाय असा, की होळीनंतर रोपे घराच्या आतल्या, सर्वांत थंड खोलीत हलवावीत. जुन्या नाशकातील वाड्यांत अशी जागा आपोआप मिळत असे. जाड भिंती आणि चौकाच्या बाजूचा उजेड यांपेक्षा चांगले ऑर्किडघर मिळणे कठीण. फ्लॅटमध्ये वरचा मजला टाळावा, आणि ते शक्य नसेल तर ज्या खोलीची भिंत पश्चिमेला उघडी नाही ती निवडावी. उजेड कमी पडत असल्यास रोपांच्या वर हातभर अंतरावर साधी पांढरी एलईडी नळी रोज बारा तास लावावी. तिची उष्णता नगण्य असते.

आर्द्रतेसाठी उथळ ट्रेमध्ये खडी पसरून पाणी भरावे आणि कुंड्या खडीवर ठेवाव्यात. कुंडीचे बूड पाण्याला लागू देऊ नये. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर मेच्या दुपारी या ट्रेचा उपयोग मर्यादितच असतो. खरा उपयोग होतो तो डेझर्ट कूलरचा. ज्या खोलीत वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीचा कूलर चालतो, तिच्या दूरच्या कोपऱ्यात, हवेच्या थेट झोतापासून बाजूला रोपे ठेवली तर तापमान आणि आर्द्रता हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. एअर कंडिशनरची खोली मात्र नको, कारण ती हवा थंड करताना कोरडीही करते. कूलर नसेल तर खिडकीला ओले बारदान बांधून आत छोटा पंखा मंद गतीने सुरू ठेवावा. हवा खेळती असणे आर्द्रतेइतकेच महत्त्वाचे आहे. धुके सोडणारी विजेवरची ह्युमिडिफायर यंत्रे वापरणाऱ्यांनी त्यांत जड पाणी घालू नये, नाहीतर पाण्यातील क्षार पानांवर पांढऱ्या भुकटीसारखे बसतात.

या महिन्यांत खत निम्म्यावर आणावे आणि रोपाची कुंडी बदलू नये. पानांच्या मागच्या बाजूला आठवड्यातून एकदा भिंगाने पाहावे. कोरड्या उन्हात लाल कोळी फार लवकर पसरतो, आणि पानावर चंदेरी बारीक ठिपके दिसू लागले की तो स्थिरावलेला असतो. सुरुवातीलाच ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसून घेतली तर औषधाची वेळ सहसा येत नाही.

पाणी

पाणी किती दिवसांनी द्यावे, या प्रश्नाला दिवसांत उत्तर नाही. कुंडी उचलून पाहावी. पाणी दिल्यानंतरचे वजन हाताला एकदा ओळखीचे झाले की हलकेपणा लगेच कळतो. हाताचा अंदाज येईपर्यंत बांबूची पातळ काडी माध्यमात खोलवर खोचून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती दमट असेल तर थांबावे, जवळजवळ कोरडी वाटली तर पाणी द्यावे. प्लास्टिकच्या कुंडीत, मध्यम आकाराच्या सालीत लावलेल्या माझ्या रोपांना उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, हिवाळ्यात सहाव्या-सातव्या दिवशी आणि भर पावसाळ्यात कधी कधी दहा दिवसांनी पाणी लागते. परंतु हे आकडे तुमच्या घरात तसेच लागू पडतील असे नाही.

पाणी सकाळीच द्यावे आणि कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतके द्यावे. पानांच्या मधल्या पोंग्यात थेंब साचून राहिले तर कागदाच्या टोकाने ते टिपून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पोंगा कुजला की त्या फुटव्याचे फूल कायमचे गेले.

पाण्याचा दर्जा हा आपल्याकडचा मोठा मुद्दा आहे. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी बहुतेक भागांत वापरण्याजोगे असते, परंतु अनेक सोसायट्यांत त्यात बोअरचे पाणी मिसळलेले असते आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या जमिनीतले बोअरचे पाणी बहुधा जड असते. तीन-चारशे रुपयांपर्यंत मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे छोटे यंत्र, घेऊन पाणी मोजावे. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त वापरावे. ३०० च्या वर असेल तर त्यात आरओचे शुद्ध पाणी निम्मे मिसळावे. येथे एक चूक फार घरांत होते आणि ती मीही केली आहे. आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते ते ‘वाया जायला नको’ म्हणून कुंड्यांना घातले जाते. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. तुळशी-जास्वंदीला ते काही काळ चालून जाते, स्लिपर ऑर्किडच्या पानांची टोके मात्र काही आठवड्यांत काळी पडतात आणि पाठोपाठ मुळांची टोकेही.

पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या दोन-तीन सरींनी छप्पर धुऊन गेले की नंतरचे पाणी प्लास्टिकच्या पिंपात भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट लावावे. तांबे-पितळेच्या भांड्यांचे आपले गाव असले तरी ऑर्किडचे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. तांब्याबद्दल ही रोपे हळवी असतात, आणि त्याच कारणाने द्राक्षावर मारतात तसे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण या रोपाच्या कोवळ्या पानांवर किंवा कळीवर फवारू नये.

माध्यम आणि कुंडी

मातीत हे रोप लावायचे नाही. पाइनच्या झाडाची आठ ते बारा मिलिमीटर आकाराची साल चार भाग, त्याच आकाराचे लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग आणि परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) एक भाग, हे मिश्रण मला नाशिकसाठी पुरेसे वाटते. ज्यांचे घर फार कोरडे आहे त्यांनी त्यात मूठभर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ, चिरून मिसळावे. सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरता येतात. मात्र त्यांत मीठ असते, म्हणून तीन-चार दिवस रोज पाणी बदलत भिजवून मगच वापरावेत. कोळसा घेताना साधा लाकडी कोळसा घ्यावा, शेगडीसाठी दाबून केलेल्या कांड्या नकोत.

मातीची कुंडी आपल्या उन्हाळ्यात फार लवकर वाळते, म्हणून प्लास्टिकचीच कुंडी बरी, आणि पारदर्शक मिळाली तर अधिक चांगली, कारण मुळे व ओलावा दोन्ही दिसतात. कुंडी मुळांना पुरेल एवढीच असावी. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी कुंडी घेणे ही येथे काटकसर नसून चूक आहे. मधले रिकामे माध्यम ओले राहून आंबते.

दर वर्षी, फार तर दीड वर्षाने, माध्यम बदलावे. पुस्तकी नियम फुलानंतर लगेच बदलण्याचा आहे, पण आपल्याकडे फूल सुकते तोवर मार्च उजाडतो आणि तुटक्या मुळांनी रोप उन्हाळ्याला सामोरे जाते. म्हणून फूल जानेवारीअखेर संपले तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, अन्यथा सरळ पाऊस स्थिरावल्यावर जूनअखेरीस किंवा जुलैत हे काम करावे. आदल्या दिवशी रोपाला पाणी द्यावे, कुंडी दाबून गोळा सैल करावा, कुजलेली, पोकळ मुळे तेवढी जंतुरहित कात्रीने कापावीत. मुळे संख्येने थोडी आणि ठिसूळ असतात. प्रत्येक मूळ मोलाचे. रोप बसवताना फुटव्याचे बूड माध्यमाच्या पृष्ठभागाखाली साधारण एक सेंटिमीटर राहील असे बसवावे. नवी मुळे नव्या फुटव्याच्या बुडातून फुटतात, आणि ते बूड हवेत उघडे राहिले तर फुटलेले मूळ माध्यमापर्यंत पोहोचण्याआधीच वाळते. अनेक रोपे ‘कारण न कळता’ खंगतात, त्यांचे कारण पुष्कळदा एवढेच असते. रोप डुलत असेल तर काडीचा आधार द्यावा. तीनपेक्षा कमी फुटव्यांचे तुकडे पाडू नयेत. वाटणी करून शेजाऱ्याला देण्याच्या उत्साहात दोन्ही रोपे दोन वर्षे फुलत नाहीत.

खत

कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत पुरते. प्रमाण मात्र बागेचे नको, एका लिटरला अर्धा ग्रॅमच्या आतच, दर पंधरा दिवसांनी, माध्यम ओलसर असताना. चौथ्या पाण्याला नुसते साधे पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुऊन काढावेत. पाणी पावसाचे किंवा आरओचे असेल तर कॅल्शियम कमी पडते. अशा वेळी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट त्याच अल्प प्रमाणात, पण १९:१९:१९ मध्ये न मिसळता, स्वतंत्रपणे द्यावे.

द्राक्षाचा घड लांबवणारे जिब्रेलिक आम्ल घरात असते म्हणून ते ऑर्किडवर मारून पाहण्याचा मोह आपल्या जिल्ह्यात अनेकांना होतो. त्या वाटेला जाऊ नये. जो फुटवा अजून भरलेला नाही, त्याच्याकडून संप्रेरकाच्या जोरावर फूल ओढून घेण्याने रोपाचे काहीच भले होत नाही.

पावसाळा

जूनच्या मध्यानंतर रोपे पुन्हा सज्ज्यात आणावीत, मात्र थेट पावसाखाली नाहीत. शहरात पाऊस बेताचा असला तरी त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी सलग झडीपासून रोपांवर पारदर्शक छत अवश्य ठेवावे. हे चार महिने वाढीचे आहेत. नवा फुटवा याच काळात भरतो, म्हणून खत नियमित द्यावे आणि उजेड कमी पडू देऊ नये.

या दिवसांतील मोठा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य कूज. पानाच्या बुडाशी तपकिरी, पाणीदार, वास येणारा डाग दिसला तर तो एका-दोन दिवसांत पोंग्यापर्यंत पोहोचतो. डाग दिसताच निरोगी भागापर्यंत पान कापून टाकावे, कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबून लावावी, ती मुळांवर सांडू देऊ नये, आणि रोप चार दिवस पंख्याच्या हवेत कोरडे ठेवावे. कात्री दर कापानंतर ज्योतीवर धरावी. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपावा आणि आठ-आठ दिवसांनी तीनदा तसेच करावे, कारण अंडी एका वेळी मरत नाहीत. गोगलगाईंसाठी रात्री टॉर्च घेऊन फेरी मारणे हाच खात्रीचा इलाज आहे. एका रात्रीत त्या कळी कुरतडून टाकतात.

फूल

नवरात्रानंतर रात्री गार होऊ लागतात आणि येथून पुढे नाशिकचे हवामान आपल्या बाजूने असते. नक्षीदार पानांच्या रोपांना रात्री १५ ते १८ अंश आणि दिवसा २५-२८ अंश एवढा फरक पुरतो. ती सज्ज्यात आडोशाला राहिली तरी चालतात. एकरंगी हिरव्या पानांच्या रोपांना मात्र कळी धरण्यासाठी काही आठवडे १० ते १३ अंशांच्या रात्री लागतात. नोव्हेंबरमध्ये ती मुद्दाम रात्री बाहेर ठेवावीत, पाणी थोडे कमी करावे, पण माध्यम सुकू देऊ नये. घरात सर्व काही ठीक असूनही या गटाचे रोप फुलत नसेल तर बहुतेक वेळा त्याला बंद खोलीच्या उबेत सांभाळून ठेवलेले असते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि निफाडच्या बाजूला तर त्याहूनही बराच खाली. सात-आठ अंशांचा अंदाज असेल त्या रात्री सर्व रोपे आत घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत पाणी देऊ नये.

भरलेल्या फुटव्याच्या मध्यभागी पानांच्या जोडीतून चपटा, टोकदार कोश वर येतो. नव्या पानाशी त्याची गफलत होते. कोश पानापेक्षा जाड असतो आणि उजेडासमोर धरला तर आत गडद छाया दिसते. कोश दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात आणि काही रोपांत कोश महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. त्याला उघडून पाहू नये.

दांडा वर येऊ लागला की कुंडीची दिशा बदलू नये. दांडा उजेडाकडे वळतो, आणि रोज कुंडी फिरवली तर तो पिळवटून फूल वाकडे उभे राहते. खिडकीकडची बाजू ओळखता यावी म्हणून मी कुंडीच्या कडेला पेनाने खूण करून ठेवतो. बांबूची बारीक काडी मुळे चुकवून खोचावी आणि दांडा तिला दोन ठिकाणी सैल बांधावा. फूल पूर्ण उमलून दोन दिवस झाले की मग गाठ नीट करावी.

तयार झालेली कळी पिवळी पडून गळते तेव्हा तीन कारणे तपासावीत. माध्यम मधेच सुकले का, रोप एका जागेवरून एकदम वेगळ्या हवेत नेले का, आणि जवळ पिकलेली फळे ठेवली होती का. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कळीला घातक असतो. केळीचा घड किंवा पेरूची टोपली ठेवलेल्या जेवणाच्या टेबलावर शोभेसाठी कळीचे रोप आणून ठेवणे, हे आमच्याच घरात एकदा घडले आणि तीन आठवड्यांची वाट एका रात्रीत वाया गेली.

उमललेले फूल थंड, सावलीच्या जागी सहा ते दहा आठवडे टिकते. फुलावर पाणी शिंपडू नये. फूल सुकले की दांडा बुडाजवळ कापावा. मात्र पिनोकिओसारख्या क्रमाने फुलणाऱ्या रोपांत टोकाला हिरवी कळी आहे का ते पाहूनच कात्री लावावी. फुललेला फुटवा आता पुन्हा फुलणार नाही म्हणून तो काढून टाकू नये. बुडाशी आलेल्या नव्या फुटव्याला पुढचे वर्ष-दीड वर्ष तोच पोसतो, आणि त्याची पाने एकेक करून आपोआप पिवळी पडून सहज हातात येतील तेव्हाच ती ओढून घ्यावीत.